भोंग्यापुढं पसरलेला हात

सुडाचं नाव काढलं की लोक कुऱ्हाडी-कोयत्याच्या गोष्टी सांगतात. माझ्या थोरल्या जावेनं सूड घेतला तो भाकरीनं. तोही समुद्राच्या वाळूत बसून, शेजारी कुत्रं घेऊन. मी तितं होते, डोळ्यांनी बघितलंय, म्हणून सांगते. कुणी म्हणतं, गंगम्मा, झालं गेलं विसरावं माणसानं. मी म्हणते, ज्याचं जळतं त्याला कळतं. तुमी विसरा, आमचं आमी बघतो.

जावेचं नाव काशम्मा. मी तिला अक्का म्हणते. सोलापुरात मिलच्या फाटकासमोर तिची खानावळ. खानावळ म्हणजे पत्र्याखाली दोन चुली आणि चार बाकडी, पण तिच्या कडक भाकरीला तोड न्हाय. ज्वारीची भाकर पातळ थापायची, भाजायची आणि मग निखाऱ्याच्या धगीला उभी करून पार वाळवायची. आमच्या कोरड्या हवेत नुसत्या फडक्यात बांधून ठेवली तरी महिन्यानं कटकन मोडते. गावाला निघणारा माणूस आधी अक्काकडनं भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून घेणार, मग गाडीची चौकशी करणार.

तिचे मालक शिवप्पा, माझे भावजी, मिलच्या साचेखात्यात, म्हणजे मागावर, होते. पंचवीस वर्षं सुताची धूळ खाऊन त्यांची छाती गेली होती. खोकला उठला की बाजेवर बसून राहायचे, गुडघे छातीशी धरून. त्यांचं एक कुत्रं होतं, काळं, एक कान पांढरा. मिलचा भोंगा झाला की हे तोंड वर करून त्याच्याबरोबर रडायचं, म्हणून नाव पडलं भोंग्या. भावजी त्याच्याशी कानडीतच बोलायचे. 'बारो' म्हटलं, म्हणजे ये रे म्हटलं, की ते तोंडातलं हाडूक टाकून यायचं. आणि एक सवय होती त्याला. भावजींना खोकल्याची उबळ आली की ते असेल तितनं उठायचं आणि जाऊन त्यांच्या पायावर हनुवटी टेकवायचं. उबळ सरेपर्यंत हलायचं न्हाय. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

चौऱ्याहत्तर साली खात्यातल्या लोकांनी समुद्र बघायला जायची सहल काढली. भावजींनी जन्मात समुद्र बघितला नव्हता. आमच्यात कुणीच बघितला नव्हता. यादीत नाव आल्यापासनं त्यांना झोप न्हाय. धोतराला इस्त्री करून आणली, भोंग्याला तळ्यावर नेऊन अंघोळ घातली. कुत्रं बी येणार, टपावर सामानात बसवीन म्हणाले. ठरलेल्या दिवशी पहाटे पाचला भाकरीचं गाठोडं घेऊन मिलच्या फाटकाशी उभे. गाडीत चढले, जागेवर बसले. तेवढ्यात चन्नप्पा आला.

चन्नप्पा म्हणजे साचेखात्याचा जॉबर. कुणाला साचा द्यायचा, कुणाला बदलीवर ठेवायचं, कुणाला घरी धाडायचं, सगळं त्याच्या जिभेवर. सहलही त्यानंच काढलेली. तो भावजींना म्हणाला, "शिवप्पा, खाली उतर. तू रातभर खोकणार आणि गाडीला झोप न्हाय. तुला कशाला पायजे समुद्र? कुत्र्याला घेऊन सिद्धेश्वराच्या तळ्यावर जा. तितं बी पाणीच हाय की."

गाडी हसली. चाळीस माणसं हसली. भावजी गाठोडं घेऊन उतरले आणि त्या जागेवर चन्नप्पाचा मेहुणा बसला. माझे मालक निंगप्पा त्याच गाडीत होते. सख्खा भाऊ उतरला आणि हे मूग गिळून बसून राहिले, कारण त्यांचा साचा चन्नप्पाच्या हातात. परत आल्यावर मी महिनाभर त्यांच्याशी बोलले न्हाय, आणि अजून भांडण निघालं की ते काढते.

भावजी खरंच तळ्यावर गेले. दिवसभर पायरीवर बसले, कुत्रं शेजारी. संध्याकाळी घरी आले आणि अक्काला म्हणाले, "बघितला समुद्र." त्या वर्षीच्या मार्गशीर्षात ते गेले.

आमच्यात माणसाला पुरतात, बसवून पुरतात. माती सारून झाली, लोक हात धुवायला लागले, तेव्हा अक्का भोंग्याच्या गळ्यात हात टाकून उभी होती. सगळ्यांच्या देखत म्हणाली, "चन्नप्पा ह्या कुत्र्याफुडं हात पसरल्याबिगर मी शेंगाची पोळी तोंडात घालणार न्हाय."

तुमाला वाटेल, पोळी सोडली त्यात काय मोठं. सोलापूरच्या बाईला विचारा. संक्रांतीला ती शंभर-शंभर पोळ्या लाटायची, गूळ-शेंगांचा वास साऱ्या गल्लीत, आणि स्वतः त्या दिवशी कोरडी भाकर खायची. तीन संक्रांती मी हे बघितलं. चन्नप्पा रोज फाटकातनं जायचा-यायचा, ती त्याच्याकडं बघून हसायची बी. नागिणीनं डूख धरावा तसा तिनं धरला होता, पण फडा कधी काढला न्हाय.

सत्त्याहत्तरच्या मे महिन्यात चन्नप्पा खानावळीत आला. लाज न्हाय, शरम न्हाय. बाकड्यावर बसला, पाणी प्याला आणि म्हणाला, "काशम्मा, यंदा परत सहल हाय. पाच दिवस, चाळीस माणसं. तुझ्याच भाकरी पायजेत. तिकडं खानावळीत एका तव्यावर मासळी, त्याच तव्यावर भाकरी. आमच्या लोकांना चालतंय व्हय?"

"देते की," अक्का म्हणाली. "कुटं कुटं जाणार?"

त्यानं फुशारकीनं सगळं सांगितलं. सोमवारी निघायचं, मंगळवार-बुधवार कोकणातली देवळं, गुरुवारी दिवसभर रत्नागिरीजवळ भाट्याच्या वाळूत. अक्का ऐकत होती आणि बोटावर वार मोजत होती.

आता इथं एक गोष्ट सांगायला पायजे. अक्काकडं नबीलाल नावाचा ट्रकवाला जेवायचा. श्रीपूरच्या कारखान्याची साखर तो रत्नागिरीला न्यायचा. दोन वर्षांमागं तो म्हणाला होता, "काशम्माभाभी, तुमची भाकर घाट उतरली की चामडं होते बघा. तिकडं हवेतच पाणी हाय. तिसऱ्या दिवशी बुरशी धरते. मला आपली झाकणाच्या डब्यात देत जावा." तेव्हापासनं नबीलालची भाकर डब्यात. बाकी सोलापुरात हे कुणाला ठाऊक असणार? आमच्याकडं भाकर फडक्यातच बांधतात, आज्ज्या-पणज्यांपासनं. कोरड्या गावाच्या माणसाला ओल्या हवेचं भय कुटनं असणार?

चार दिवस आमी दोघी थापत होतो. अक्कानं पीठ चांगलंच वापरलं, भाजणी चांगलीच केली. अन्नाशी खोटं वागायचं न्हाय, हा तिचा नेम. भरायची वेळ आली तेव्हा मी विचारलं, "अक्का, डब्यात भरू?"

"फडक्यात बांध," ती म्हणाली. "सोलापुरात सगळे फडक्यातच बांधतात की."

मी तिच्याकडं बघितलं. तिनं माझ्याकडं बघितलं न्हाय. मग मला कळलं, आणि खरं सांगते, मला लई बरं वाटलं. मी गाठी आवळून बांधल्या.

सोमवारी गाडी गेली. माझ्या मालकांना मी त्या वर्षी जाऊ दिलं न्हाय. बुधवारी पहाटे नबीलालचा ट्रक भरून दारात उभा होता. अक्का, मी, भोंग्या आणि तेलाचे दोन मोठे डबे, झाकणं घट्ट बसवलेले, आत भाकरी. वर मी एका लहान डब्यात शेंगाची पोळी घेतली होती, अक्कासाठी. मनात म्हटलं, तिचा पण सुटला की तितंच खाऊ घालीन. सांगोल्याला चहा घेतला. भोंग्या माझ्या मांडीवर पाय देऊन खिडकीतनं तोंड बाहेर काढून बसला होता, वाटेतल्या मेंढरांना शिव्या देत. कोल्हापुरात नबीलालच्या मावशीकडं मुक्काम केला आणि गुरुवारी उन्हं वर यायच्या आत आमी घाट उतरलो.

समुद्र दिसला तेव्हा अक्का ट्रकमधनं उतरून पाण्याच्या कडेला गेली. कमरेवर हात ठेवले. मग म्हणाली, "बहात्तरच्या दुष्काळात एका घागरीसाठी मी दोन तास रांगेत उभी होते. आणि हे एवढं हितं पडलंय, पिता बी येत न्हाय." तिला पाण्याचाच राग आला होता.

भोंग्याला मात्र राग-बिग काही न्हाय. म्हातारा झाला होता, दहा-अकरा वर्षांचा, पण वाळूत पाय पडला आणि पोराच्या वर झाला. लाट आली की भुंकत माघारी पळायचा, लाट गेली की तिच्या मागं लागायचा. त्याला वाटत होतं हाच तिला हाकलतोय. एकदा मोठा घोट प्याला, शिंकला, आणि आमी काही फसवणूक केल्यागत आमच्याकडं बघायला लागला. मग खेकडा दिसला. खेकडा बिळात गेला तर ह्यानं बीळ उकरून खांद्याएवढा खड्डा केला आणि त्यात तोंड घालून बसला. अक्कानं लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलं आणि त्याच्या बरोबर पाण्यात गेली. पन्नाशीची बाई, लाट आली की त्याच्यासारखीच माघारी पळत होती. तीन वर्षांत मी तिला अशी बघितली नव्हती.

तेवढ्यात बंदराकडनं एका बोटीचा भोंगा झाला. लांबलचक, अगदी आमच्या मिलसारखा. भोंग्या होता तितं ओल्या वाळूत बसला, तोंड वर केलं आणि सूर लावला. अक्का हसली ती हसतच सुटली. "पाळी सुटली की रे," म्हणाली, आणि पाण्यात बसकण मारून रडायला लागली. मी तिला उठवलं न्हाय. कुत्रं ओलं अंग तिच्यावर घासत उभं राहिलं.

अकराच्या सुमाराला सहलीची गाडी आली. माणसं उतरली ती उतरलेल्या तोंडानं. आमाला बघून चकितच झाली, मग एकेक जण सांगायला लागला. भाकरी मंगळवारीच वातड झाल्या, बुधवारी हिरव्या झाल्या, रात्री फडक्यांसकट टाकून दिल्या. मे महिना, आंबे चिक्कार, म्हणून कालपासनं आंबेच खाल्ले आणि आता निम्म्या गाडीची पोटं बिघडलेली. भाकरीची भूक आंब्यानं भागत न्हाय. खानावळीच्या दारात जाऊन मासळीच्या वासानं परत आलेले.

अक्कानं सुरूच्या सावलीत पोतं अंथरलं. पोत्यावर भोंग्याला बसवलं. त्याच्या दोन्ही बाजूंना डबे ठेवले आणि एक झाकण उघडून भाकर मोडली. कटकन आवाज झाला. चाळीस माणसांनी तो ऐकला.

"या, बसा," ती म्हणाली. "कुणी उपाशी राहायचं न्हाय."

सगळे बसले. भाकर, चटणी, कांदा. तिनं प्रत्येकाला हातानं वाढलं, आग्रह करून वाढलं. चन्नप्पा बी येऊन पंगतीला बसला. त्याच्यापाशी आल्यावर ती थांबली.

"तू न्हाय," ती म्हणाली. "तुझी भाकर माझ्याकडं न्हाय. ती ह्याच्याकडं हाय. शिवप्पाच्या कुत्र्याकडं. त्याच्याफुडं हात पसर आणि माग."

पंगतीनं माना वर केल्या. चौऱ्याहत्तर साली गाडीत हसलेले त्यात निम्मे तरी होते. त्यांनी हातातली भाकर खाली ठेवली. चन्नप्पा लालबुंद झाला. म्हणाला, "बाई, डोकं ठिकाणावर हाय का तुझं? कुत्र्याफुडं हात पसरू?"

"तळ्यावर जा की मग," अक्का म्हणाली. "तितं बी पाणीच हाय."

तो उठला आणि लांब जाऊन वाळूत बसला, आमच्याकडं पाठ करून. मला असं सुख झालं म्हणून सांगू. मी मुद्दाम त्याला ऐकू जाईल अशा कटकन भाकरी मोडत होते. लोक जेवले, पाण्यात गेले, झोपले. भोंग्या दर लाटेला उठून पळायचा आणि अक्कानं 'बारो' म्हटलं की येऊन पोत्यावर बसायचा. दुपार कलली. चन्नप्पा तसाच उन्हात. जॉबरचा पीळ तो, पोट जळलं तरी जाईना. पण अक्काला घाई नव्हती. तीन वर्षं थांबली होती, तिला तीन तास काय जड होते?

उन्हं तिरपी झाली तेव्हा तो उठला. पाय ओढत आला. पोत्यासमोर उभा राहिला, मग गुडघ्यावर बसला. सगळे बघत होते. त्यानं उजवा हात पुढं केला, तळवा वर, आणि खाली बघत म्हणाला, "भोंग्या, एक भाकर दे बाबा."

मी अक्काकडं बघितलं. तिचे डोळे चमकत होते. ती काहीतरी बोलणार होती. काय बोलायचं ते तिनं तीन वर्षं पाठ करून ठेवलं असणार. आणि चन्नप्पाला खोकल्याची उबळ आली.

साधा खोकला नव्हता तो. तसलाच होता. आत ओढून घेणारा, शेवटाला शिट्टी वाजणारा, माणसाला दुमडून टाकणारा. आमच्या घरात तो इतकी वर्षं ऐकलेला. अक्काचं तोंड उघडंच राहिलं.

भोंग्या पोत्यावरनं उठला. दोन पावलं चालला आणि चन्नप्पाच्या पायावर हनुवटी टेकवून पडला.

"बारो," अक्का म्हणाली. कुत्रं हललं न्हाय. "बारो, भोंग्या." न्हाय. तिसऱ्यांदा तिनं नुसते ओठ हलवले. ज्या शब्दाला ते हाडूक टाकून यायचं, त्या शब्दाला त्यानं कान बी हलवला न्हाय. उबळ सरली, चन्नप्पा डोळे पुसत म्हणाला, "मला बी झालंय, काशम्मा. जानेवारीत डागदरनं सांगितलं. छातीत सूत बसलंय." आणि कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवायचा का न्हाय हे त्याला कळेना.

अक्कानं डब्यातनं दोन भाकरी काढल्या आणि भोंग्याच्या तोंडासमोर वाळूवर फडक्यात ठेवल्या. चन्नप्पानं तितनं उचलल्या आणि तितंच बसून खाल्ल्या. ती पाठ फिरवून पाण्याकडं गेली.

परतताना ट्रकमध्ये मी पोळीचा डबा उघडला. म्हटलं, "घे अक्का. पसरला की त्यानं हात."

"पोटासाठी पसरला," ती म्हणाली. "चुकीसाठी न्हाय. झाक ते." मग मांडीवर झोपलेल्या कुत्र्याला म्हणाली, "आणि तू फितूर झालास." पण त्याच्या अंगावरची वाळू झाडत होती.

श्रावणात चन्नप्पाला मिलनं घरी बसवलं. बायको आधीच गेलेली, मेहुणा फिरकेना. दुपारच्याला तो खानावळीच्या दारात येऊन उभा राहायचा. अक्का ताट भरायची आणि भोंग्याच्या पोत्यावर ठेवायची. त्याच्या हातात कधी दिलं न्हाय. तो हात पसरायचा, "भोंग्या, दे बाबा," म्हणायचा, मग ताट उचलायचा. रोज. सगळ्या गिऱ्हाइकांच्या देखत. लोक म्हणायचे, काशम्मा मोठ्या मनाची, वैऱ्याला जेवू घालते. मला हसू यायचं. मोठं मन कसलं, दीड वर्ष रोज एकदा ती त्याला गुडघ्यावर आणत होती. आणि उबळ आली की कुत्रं रोज त्याच्या पायावर हनुवटी टेकवत होतं. दोघांनी आपापलं काम सोडलं न्हाय.

अठ्ठ्याहत्तरच्या मार्गशीर्षात भोंग्या गेला, भावजी गेले त्याच महिन्यात. आमी त्याला खानावळीच्या मागं पुरला. दुसऱ्या दिवशी चन्नप्पा आला. पोतं रिकामं बघितलं आणि उभाच राहिला. कुणाकडं मागायचं ते त्याला कळेना. माघारी वळला.

"थांब," अक्का म्हणाली. ताट घेऊन आली आणि कुत्र्याच्या पोत्यावर, कुत्र्याच्या जागी, मांडी घालून बसली. ताट मांडीवर ठेवलं. "आता माझ्याकडं माग."

चन्नप्पानं हात पसरला. म्हणाला, "काशम्मा, भाकर..." मग थांबला. हात तसाच. "काशम्मा, त्या दिवशी गाडीत... शिवप्पाला मी..." आणि उबळ आली. दारातल्या खांबाला धरून तो वाकला. पायाशी यायला आता कुणी नव्हतं. मी पाण्याचा तांब्या उचलला तर अक्कानं डोळ्यांनी मला जागच्या जागी बसवलं. ती थांबली. खोकला सरला, तरी थांबली.

"शिवप्पाला मी गाडीतनं उतरवलं," चन्नप्पा म्हणाला. "चुकलं माझं. त्यानं समुद्र बघायला पायजे होता."

तेव्हा तिनं ताट त्याच्या हातात दिलं.

संक्रांतीला मी शेंगाच्या पोळ्या केल्या आणि न विचारता तिच्या ताटात एक टाकली. तिनं मोडली, अर्धा तुकडा सवयीनं खाली पोत्याकडं धरला, मग परत घेतला आणि तोंडात घातला. सावकाश चावली. मी बघत बसले होते.

"गूळ कमी पडलाय गं," ती म्हणाली, आणि दुसरी मागून घेतली.